ओल्या फांदीचा तिरकमठा

पोरांचा तिरकमठा ओल्या लाकडाचाच करायचा असतो. वाळकी काठी वाकवली की कडकन मोडते. सुताराकडून रंधून आणलेली पट्टी दिसायला सुबक असते, पण रंध्याखाली तिच्यातले धागे जागोजागी तुटलेले असतात आणि थोड्याच ओढींत ती चिरते. झाडावरून नुकत्या उतरवलेल्या फांदीचे धागे बुडापासून शेंड्यापर्यंत सलग असतात. तिला वाकवताना हाताला कळतं, कुठवर जाईल आणि कुठे थांबायला हवं. चिंचणीच्या वाड्यांत वाढलेल्या माझ्या पिढीच्या हातांना ही जाण शाळेत जायच्या आधीच आलेली होती.

पुढे जन्मभर मी डाय कोरल्या. सोन्याच्या दागिन्यांवर नक्षी उठवायचे हे पोलादी साचे आमच्या चिंचणी, वरोर, धाकटी डहाणू या पट्ट्याची ओळख आहेत. हाताने केलेली वस्तू कशी बघायची हे मला त्या धंद्याने शिकवलं. आता काम सुटल्यावर त्याच नजरेने मागे बघतो, तेव्हा मला आमच्या डायपेक्षा, मांगेल्यांच्या होड्यांपेक्षा, वाडवळांच्या रहाटांपेक्षाही जुनी वस्तू दिसते ती हीच, पोराच्या हातातली. आणि तिचा इतिहास विचारायला गेलं की एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो: ओल्या फांदीला कोयता लावायचा हक्क कुणाचा?

माझा पहिला तिरकमठा वाडीत कामाला असलेल्या एका वारली म्हाताऱ्याने केला. साल १९६० च्या आसपासचं. वाणगावच्या पलीकडे डोंगराकडे त्याचा पाडा होता. वयाने तो माझ्या आजोबांच्या बरोबरीचा, पण घरातली शेंबडी पोरंसुद्धा त्याला एकेरीत हाक मारत. तशीच रीत होती, आणि ती वाईट होती. कमरेला त्याच्या लाकडी आकडीत अडकवलेला कोयता असे. गवत, नारळाची झापं, शिंदीचे काटे, शेंगा, सगळं त्या एका हत्याराने व्हायचं. आणि आमची खेळणीही.

वाडीच्या बांधावर बांबूचं बेट होतं, भरीव जातीच्या मानवेलाचं. त्यात शिरल्यावर तो आधी कापायचा नाही, नुसता बघायचा. त्या वर्षीच्या कोंबाला हात नाही; पावसाळ्याच्या तोंडाला त्याचे वास्ते खायचे असतात, उरतील ते वाढू द्यायचे. दुसऱ्या वर्षाचा बांबू अजून मऊ. ज्याच्या अंगावरची पांढुरकी भुकटी गेली आहे, पेरांवरची टरफलं गळून पडली आहेत आणि कोयत्याच्या पाठीने ठोकल्यावर जो खणखणीत बोलतो, तो घ्यायचा. कापायचा तो जमिनीजवळच्या गाठीच्या लगेच वर, म्हणजे खुंटाच्या पेरात पाणी साचत नाही आणि खालचा कंद कुजत नाही. पावसाळ्यात तो बांबू तोडायला नकार द्यायचा. आम्ही कितीही हट्ट केला तरी त्याचं उत्तर ठरलेलं: आता तोडला तर भुंगा खाईल. त्यात तथ्य आहे. पाऊस सरून थंडी पडली की बांबूतलं पिठूळ सत्त्व कमी होतं आणि ते खाणारा भुंगाही मग कमी लागतो. अमावास्येचा नेम तो पाळत असे, त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही. मार्गशीर्षाचा नेम मात्र मी डोळ्यांनी पारखलेला आहे.

मग बांबू उभा चिरायचा. कोयत्याचं पातं तोंडाशी टेकवून वरून लाकडाने ठोका दिला की फट गाठीगाठीतून आपोआप धावत जाते. त्यातली एक कांब घ्यायची, लांबी मुलाच्या नाकापर्यंत. बाहेरची हिरवी सालीची बाजू तीर सुटतो त्या दिशेला. तिला कोयता लावायचाच नाही, ओरखडासुद्धा नाही. कमठा ओढला की सगळा ताण त्या अंगाला येतो. तिथला एक धागा तुटला की चीर पळत सुटते आणि कमठा संपतो. तासायचं ते फक्त आतलं, पोटाकडचं अंग, जे ओढताना दाबलं जातं. मधे मुठीजवळ जाड, टोकांकडे हळूहळू बारीक. थोडं तासायचं, गुडघ्यावर टेकवून वाकवायचं, एक डोळा मिटून दोन्ही बाजू सारख्या वळतात का बघायचं. जिथे ताठ राहते तिथून एक पातळ साल काढायची, जिथे जास्त वाकते तिथे पुन्हा हात लावायचा नाही. डाय कोरतानाही नियम हाच. काढलेलं पोलाद परत चिकटवता येत नाही. हा संयम मला कारखान्यात बसल्यावर शिकवला गेला असं माझे उस्ताद समजत असत, पण त्याचे पहिले धडे बांधावर झाले होते.

ओल्या कांबीची एक खोड आहे. ती लगेच वाकते, पण वाकलेलीच राहते. आज केला आणि आजच दोरी चढवून ठेवला तर चार दिवसांत कमठ्याचा जोर निघून जातो. म्हणून तो कमठा आधी सावलीत आणि मग चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवावा लागे. मुलाला एवढा धीर कुठला? म्हाताऱ्याने त्यावर तोड काढली होती. बांबूची कांब माळ्यावर गेली की त्याच बैठकीत तो भेंडीच्या झाडाचा एक सरळ फुटवा तोडायचा, त्याच्याच सालीची दोरी वळायचा आणि तासाभरात एक कच्चा तिरकमठा हातात द्यायचा. तो दोन दिवस टिकला तरी पुष्कळ. तो मोडेपर्यंत, पुन्हा रडून नवा मिळेपर्यंत, खरा कमठा धुरात पिकत असे.

दोरीला आमच्या वेळी मांगेल्यांच्या फाटक्या जाळ्याचं नायलॉन मिळू लागलं होतं. त्याआधी अंबाडी, नाहीतर घायपाताचा वाख. अगदी लहान पोरांचे तीर म्हणजे नारळाच्या झापाचे हीर, मोठ्यांचे निगडीच्या सरळ काडीचे, मागे कोंबडीचं पीस. पुढच्या टोकाला भेंडीचं कच्चं बोंड खुपसलेलं, कारण टोकदार तीर तो कुणालाच देत नसे. डोळ्याच्या उंचीवर नेम धरला की कमठा काढून घ्यायचा आणि दिवसभर द्यायचा नाही. आणि ओढताना अंगठा लावू द्यायचा नाही. पहिली दोन बोटं दोरीला, अंगठा बाजूला. भिलांमध्येही अशी रीत आहे आणि ती एकलव्याशी जोडून सांगितली जाते. आमच्या म्हाताऱ्याने एकलव्याचं नाव कधी काढलं नाही. तो नुसता अंगठ्यावर टिचकी मारायचा.

हे ज्ञान किती जुनं असेल? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शस्त्रागारावरचं प्रकरण आहे. त्यात धनुष्यं कशाकशाची करावीत ते दिलं आहे: ताडाची, बांबूची, लाकडाची आणि शिंगाची. दोऱ्यांच्या यादीत मोरवेल, रुई, ताग आणि चक्क बांबूही येतो, शेवटी स्नायू. ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी उठून खिडकीबाहेर पाहिलं. ताड समोर, बांबूचं बेट बांधावर, रुई रस्त्याच्या कडेला. शिंगाचं धनुष्य राजांच्या कारागिरांचं काम. बाकी सगळं साहित्य आमच्या पोरांच्या हाताशी होतं. बांबूच्या सालीची पट्टीच दोरी म्हणून चढवायची पद्धत भिलांच्या कमठ्यांत आजही दिसते. जगात इतरत्रही हीच गोष्ट वेगळ्या झाडांवर घडली आहे. डेन्मार्कमधल्या होल्मगार्डच्या दलदलीत सापडलेलं एल्म झाडाचं धनुष्य सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचं आहे. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली जो पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस मिळाला, त्याच्याजवळ यू झाडाचं अर्धवट तासलेलं धनुष्य होतं, त्याच्या स्वतःपेक्षाही उंच. काम चालू असतानाच त्याला मरण आलं.

आपल्या किनाऱ्यावर तिरंदाज कोरलेले दिसतात ते बोरिवलीच्या एकसर गावच्या वीरगळांवर. शिलाहारांच्या अखेरच्या काळातल्या त्या शिळांवर वल्ह्यांच्या लढाऊ नौका आहेत, घोडेस्वार आहेत, आणि घोडेस्वारांच्या तलवारींखाली पडणारा धनुर्धारीही आहे. लढाईचं शस्त्र म्हणून धनुष्याचा काळ पुढे इथून सरला. १७३९ च्या जानेवारीत चिमाजीअप्पांच्या मोहिमेत शेजारचा तारापूरचा किल्ला मराठ्यांनी घेतला, तेव्हा सरदार बाजी भिवराव पडले ते बंदुकीच्या गोळीने. किल्ल्यांच्या जगात तोफा आणि बंदुका आल्या, पण जंगलात शिकारीला आणि राखणीला कमठा राहिलाच. आणि पोरांच्या हातातून तर तो कधी सुटलाच नव्हता.

आता त्या हक्काच्या प्रश्नाकडे येतो, कारण माझं मन तिथेच अडकलेलं आहे.

चिंचणीत सापडलेले ताम्रपट अभ्यासकांना चांगले माहीत आहेत. त्यातला शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला पट विशेष आहे. संजाणच्या मंडळावर तेव्हा मुहम्मद नावाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी होता, पटात त्याला मधुमती म्हटलं आहे. त्याने नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, अन्नछत्र घातलं आणि एका मठिकेला जमीन दिली. अरब अधिकारी देवीच्या मठिकेला दान देतो, याचं कौतुक सगळे करतात आणि करावंच. मला त्या काळच्या दानपत्रांतलं आणखी एक कलम दिसतं. उत्तर कोकणातल्या शिलाहारांच्या पटांत गाव दान देताना ठराविक शब्द येतात: गवत, लाकूड आणि पाण्यासह, झाडांच्या रांगांसह. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही लाकूड राजाच्या हातचं होतं आणि तो ते देऊन टाकू शकत होता. ते तोडून आणणाऱ्या माणसाचा त्या शब्दांत उल्लेख नाही.

तरीही तांब्यावर कोरलेला हक्क वेगळा आणि जंगलात पाळत ठेवणारा शिपाई वेगळा. तो शिपाई इंग्रजांनी आणला. १८६४ साली मुंबई-बडोदा रेल्वे सुरू झाली आणि ठाणे जिल्ह्याच्या जंगलाला मुंबईची भूक लागली. इमारतीचं लाकूड, जळाऊ लाकूड, कोळसा, सगळं रुळांवरून दक्षिणेला जाऊ लागलं. मग १८७८ साल आलं. त्या एकाच वर्षी हिंदुस्थान सरकारने दोन कायदे केले. एक जंगलाचा: कुठलं वन राखीव, कुठलं संरक्षित, त्यातून काय न्यायचं आणि काय नाही, हे सरकार ठरवणार. दुसरा हत्यारांचा. त्या हत्यार कायद्यात हत्याराची व्याख्या वाचली तर बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले यांच्या ओळीत धनुष्य आणि बाण स्पष्ट लिहिलेले आहेत. ज्या लाकडाचा कमठा होतो ते लाकूड सरकारचं, आणि त्याचा कमठा झाला तर तो हत्यार. कायद्याची अंमलबजावणी प्रत्येक पाड्यावर अक्षरशः तशी झाली असं मी म्हणत नाही. पण डोंगराकडच्या माणसाच्या आयुष्यातल्या एका वस्तूला दोन्ही बाजूंनी कागदाने वेढलं, हे खरं आहे.

कमठ्यापेक्षा मोठा तंटा राबाचा होता. भाताचं रोप टाकायच्या आधी त्या तुकड्यावर झाडांचे टहाळ, पाला आणि शेण पसरून जाळायचं, ही या भागातली शेतीची पद्धत. त्यासाठी दरवर्षी ओल्या फांद्या तोडाव्या लागतात. जंगल राखीव झालं आणि टहाळ तोडणं गुन्ह्याजवळ जाऊन बसलं. ठाणे-कुलाब्यात इतका असंतोष झाला की सरकारला १८८५ साली जंगल आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल १८८७ साली आला. रयतेच्या तक्रारींत एका मुलाच्या कमठ्यासाठी लागणारी फांदी कुणी लिहिली नसणार. लिहिण्याएवढी ती मोठी नव्हती. पण पोटासाठी टहाळ तोडताना ज्याला मागे वळून बघावं लागतं, तो पोरासाठी फांदी तोडतानाही मागे वळून बघतो.

आमचा म्हातारा या सगळ्याच्या पोटात वाढलेला. तो तरुणपणी लग्नगडी होता, हे मला फार उशिरा, वडिलांच्या बोलण्यातून कळलं. लग्नाच्या खर्चाला मालकाकडून पैसे घ्यायचे आणि मग नवराबायकोने त्याच्याकडे राबायचं, कर्ज फिटेपर्यंत. आणि ते फिटत नसे. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीकडच्या झरी गावी आदिवासींची परिषद झाली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्याबरोबर किसान सभेचा लाल बावटा डहाणू-उंबरगाव भागात पसरला आणि लग्नगड्याची गुलामी उघडपणे नाकारली जाऊ लागली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा इथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. पाच माणसं मेली, त्यांत जेठ्या गांगड होते. पुढच्या वर्षी, १९४६ ला, जंगलातल्या लाकूडतोडीवर संप झाला. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० सालच्या पुस्तकात हे सगळं आहे, आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक वाडीवाल्याच्या घरात ते असायला हवं. आमच्या घरात ते नव्हतं. मी ते वाचलं तेव्हा म्हातारा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

त्या वाचनानंतर वाडीतलं ते दृश्य मला निराळं दिसू लागलं. ज्या माणसाला स्वतःच्या डोंगरातली फांदी तोडायला भीती वाटावी, तो आमच्या बांधावरचा बांबू मोकळ्या हाताने तोडत होता, कारण बांबू आमचा होता आणि कमठा मालकाच्या नातवासाठी होता. त्याच्या स्वतःच्या नातवंडांना कुठल्या लाकडाचा कमठा मिळत होता, हे त्याला कुणी विचारलं नाही. आणि तरीही त्याने कामात काही राखून ठेवलं नाही. आम्हा मुलांना कोणती बाजू तासायची आणि कोणती नाही हे तो सांगत राहिला, बेटातला कोणता बांबू उद्याच्यासाठी ठेवायचा हेही दाखवत राहिला.

स्वातंत्र्यानंतर कायदे बदलले, पण कमठ्याची जागा फारशी मोकळी झाली नाही. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाडाच्या व्याख्येत घातलं होतं, ते तसंच चालू राहिलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधनं आणली आणि हत्यारांच्या व्याख्येत धनुष्यबाण पुन्हा नावाने आले. शिकार थांबायलाच हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मोठ्यांच्या घरात भिंतीवरचा कमठा उतरला की लहानांच्या हातातलाही हळूहळू उतरतो. त्याच सुमाराला, १९६९ साली, तारापूरची अणुवीज सुरू झाली होती, पुढे बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली. वाड्यांच्या बांधांवरची बांबूची बेटं निघाली, सिमेंटचे खांब आणि काटेरी तार आली. आमचं बेटही गेलं.

याच काळात वारली हातांची ओळख जगाला झाली ती वेगळ्या वाटेने. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी भिंतीवरची तांदळाच्या पिठाची चित्रं कागदावर आणली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रांत तिरकमठा ओढून उभा असलेला माणूस आज मुंबईतल्या हॉटेलांच्या भिंतींवर, पिशव्यांवर, चहाच्या कपांवर दिसतो. दोन त्रिकोण, एक वाकलेली रेघ, एक सरळ रेघ. मला त्या चित्रांचा अभिमान आहे. पण ती वाकलेली रेघ बांबूतून कशी काढायची हे सांगणारे हात डोंगराकडच्या पाड्यांवर आहेत आणि ते म्हातारे होत चालले आहेत. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात रामलक्ष्मणाची सोंगं येतात, तेव्हा त्यांच्या हातातलं धनुष्य पाहायला मी मुद्दाम जवळ जातो.

दोन कायदे मात्र चांगल्या दिशेने गेले. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानलं आणि त्यावर तिथल्या वनवासी समाजाचा मालकी हक्क लिहून दिला. २०१७ साली वन कायद्याच्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला, त्यामुळे जंगलाबाहेरच्या जमिनीवर लावलेला बांबू तोडायला आणि न्यायला परवान्याची कटकट राहिली नाही. १८७८ पासून मोजलं तर सव्वाशेहून जास्त वर्षांनी ही गाठ सुटली. आज डहाणूच्या कुठल्याही शेताच्या बांधावर मानवेल लावून त्याची कांब काढता येते.

म्हणून माझी एक मागणी आहे आणि ती मी ग्रामपंचायतीत, शाळांत, भेटेल त्याच्याकडे करतो. चिंचणी, वाणगाव, वरोर इथल्या शाळांच्या आवारात एकेक बेट लावावं. मानवेल काही वर्षांत कांबीजोगा होतो. राष्ट्रीय स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ म्हणून तिरंदाजीचा जो प्रकार आहे, तो बांबूच्या धनुष्यानेच खेळतात, तीस आणि पन्नास मीटरवर; त्यामुळे हे फक्त खेळणं आहे असंही कुणाला म्हणता येणार नाही. मार्गशीर्षात डोंगराकडच्या पाड्यांवरून वारली कारागिरांना बोलवावं, शिक्षकाला देतो तसं रोजचं मानधन द्यावं, आणि मुलांनी त्यांना अहो-जाहो करावं. पहिल्या दिवशी भेंडीचा कच्चा तिरकमठा करून द्यावा, म्हणजे मुलं थांबतील. बांबूच्या कांबी मुलांच्या नावाच्या चिठ्ठ्या बांधून सावलीत ठेवाव्यात. तासायची ती आतली बाजू, सालीला हात लावायचा नाही. तीर बोथट, पुढे बोंड. शाळेत चूल नाही, त्यामुळे धूर मिळणार नाही. तेव्हा दोरी चढवायच्या आधी निदान तीन आठवडे जाऊ द्यावेत.